अमेरिकेचा आय-ट्वेंटी आणि घरचा सातबारा

(बेलपाडा येथे महिला मंडळाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत तुमच्यापैकी एकीने विचारलं होतं, "ताई, पोरगी म्हणते अमेरिकेला शिकायला जाते. ते नेमकं कसं असतं? एजंट सांगतो तेवढंच आम्हाला कळतं." म्हणून आज त्याच विषयावर बोलायचं ठरलं. आधीच सांगते, मी स्वतः अमेरिकेला गेलेले नाही. जे काही शिकले ते मुलींचे कागद भरता भरता.

आपल्याकडची पहिली मुलगी आठवा. आनंदीबाई जोशी, कल्याणच्या. १८८३ साली कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. गोपाळरावांचं पत्र एका मिशनरी मासिकात छापून आलं होतं, ते वाचून कार्पेंटरबाईंनी त्यांना घरी ठेवून घेतलं. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजने शिष्यवृत्ती दिली. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या, तेव्हा एकवीस वर्षंही पुरी झाली नव्हती. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. एक फोटो प्रसिद्ध आहे, त्यात आनंदीबाईंच्या शेजारी जपानची आणि सीरियाची विद्यार्थिनी आहे. म्हणजे बाहेरच्या मुलींना घेणं तिकडे नवं नाही. पण पैसा कुठून येणार हा प्रश्न तेव्हाही होता. आता तो छापील फॉर्मवर आहे, एवढंच.

आता तिथली रीत. आपल्याकडे बारावीनंतर सीईटी, यादी, मग प्रवेशाच्या फेऱ्या. तिथे तसं केंद्र नाही. प्रत्येक विद्यापीठ स्वतंत्र. सरकारी म्हणवणारी विद्यापीठंसुद्धा राज्यांची आहेत आणि आपल्या राज्याबाहेरच्यांकडून जास्त फी घेतात. आपण तर देशाबाहेरचे. प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज, वेगळी अर्जाची फी. ही फी काही ठिकाणी मागितल्यास माफ होते, हे एजंट सांगत नाही. ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या वर्गासाठी बहुतेक अर्ज आदल्या डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास द्यावे लागतात. मार्कशीट, इंग्रजीची परीक्षा, तीन शिक्षकांची पत्रं आणि स्वतःबद्दल दोन पानं. या दोन पानांवर मुली अडतात. तुला काय शिकायचंय, का शिकायचंय, हे तिला तोवर कोणी विचारलेलंच नसतं! माझ्याकडे आलेल्या एका मुलीने पहिलं वाक्य लिहिलं, "माझ्या वडिलांची इच्छा आहे." मी म्हटलं, खोड ते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मला कळायलाही वेळ लागला. मास्टर्स आणि पीएच.डी. यांचा हिशेब तिथे अगदी वेगळा आहे. मास्टर्स ही बरीचशी विकत घ्यायची वस्तू आहे. फी आणि राहणं धरून अनेक ठिकाणी वर्षाला तीस-चाळीस लाखांचा खर्च. पीएच.डी.ला घेतलं तर पुष्कळ विषयांत फी माफ, शिवाय शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल दरमहा पैसे. चार वर्षांची पदवी असलेली हुशार मुलगी मास्टर्स न करताही थेट तिथे अर्ज करू शकते. अशी पैशासकट जागा मिळाली की घाबरून लगेच होकार द्यायचा नाही. बऱ्याच विद्यापीठांनी आपसात मान्य केलंय की १५ एप्रिलपर्यंत विद्यार्थ्याला विचार करू द्यायचा. काही एजंटांना विद्यापीठांकडून कमिशन असतं. ते मास्टर्सवर मिळतं, म्हणून ते मास्टर्सच दाखवतात.

आपल्या सरकारच्या योजनाही आहेत. अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी वेगळी आहे. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, हे आपण भाषणात सांगतो. पण या योजनेचा फॉर्म किती मंडळांनी पाहिलाय? जागा थोड्या आहेत, तरी अर्जच गेला नाही तर मिळणार कुठून?

आता खरी अडचण. प्रवेशाचं पत्र आलं म्हणजे काम झालं असं नाही. व्हिसासाठी विद्यापीठाकडून आय-ट्वेंटी नावाचा कागद लागतो. तो देण्याआधी विद्यापीठ विचारतं, पहिल्या वर्षाचे पैसे दाखवा. बँकेतली शिल्लक, मंजूर कर्जाचं पत्र, शिष्यवृत्तीचं पत्र, काहीही चालेल, पण दाखवा. मग साडेतीनशे डॉलरची वेगळी फी, व्हिसाचे एकशेपंच्याऐंशी, आणि वांद्र्याच्या कॉन्सुलेटमध्ये दोन-चार मिनिटांची मुलाखत. २०२५ च्या मे अखेरीला या मुलाखतींच्या नव्या तारखा देणं काही आठवडे बंदच होतं, मुली रडवेल्या झाल्या होत्या.

बँक साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण मागते. तारण म्हणजे जागा. आणि जागा कुणाच्या नावावर?

इथे बसलेल्या सगळ्यांना उत्तर माहीत आहे. भातशेती नवी मुंबईसाठी गेली. १९८४ साली जासईच्या आंदोलनात माणसं मेली, तेव्हा कुठे साडेबारा टक्के मिळाले. त्या लढ्यात बायका मागे नव्हत्या. पण प्लॉट वाटपाच्या वेळी बहिणींना रिक्षात बसवून हक्कसोडावर सह्या घेतल्या. बदल्यात साडी, जेवण, आणि "माहेर तुटायला नको" हे वाक्य.

मला माहीत असलेली एक मुलगी. गाव सांगत नाही, इथून फार लांब नाही. कॉम्प्युटरमध्ये पदवी, मास्टर्सला प्रवेश. फ्लॅट वडील आणि काकांच्या सामाईक नावावर. काका म्हणाले, "पोरीच्या शिक्षणासाठी घर गहाण? त्यापेक्षा अमेरिकेतला मुलगा बघू, तोच घेऊन जाईल." हे ऐकायला सोपं वाटतं, म्हणून नीट सांगते. विद्यार्थी नवऱ्याबरोबर बायको जाते ती एफ-टू व्हिसावर. तिला नोकरी करता येत नाही. पूर्ण वेळ पदवीचं शिक्षणही घेता येत नाही, अर्धवेळ काही वर्ग करता येतात. शिकायचं तर स्वतःचा विद्यार्थी व्हिसा मिळवावा लागतो, म्हणजे पुन्हा पैसे दाखवा. ज्या मुलीच्या हातात स्वतःच्या नावाचं प्रवेशपत्र आहे तिला आपण नवऱ्याच्या कागदाला जोडून पाठवणार!

त्या घरात एक आत्या होती. हक्कसोडावर तिने सही केली नव्हती. त्यापायी भावांनी वीस वर्षं तिला राखीला बोलावलं नाही. पण सही नसल्यामुळे प्लॉट बिल्डरला दिला तेव्हा तिच्या वाट्याला एक लहान फ्लॅट आला, तिच्या एकटीच्या नावावर. कुणीतरी तिच्या कानावर ही गोष्ट घातली. (मी नाही. मला तेव्हा आत्या आहे हेही माहीत नव्हतं.) ती फाइल घेऊन थेट मुलीच्या आईकडे आली. म्हणाली, "माझी सही पायजे ना? घ्या. पण कर्जाच्या कागदावर मी, पोरगी आणि तू. भाऊ नको."

बँकेने वकिलाची तपासणी, सिडकोची ना-हरकत असं करत ऑगस्ट घालवला. मुलीने विद्यापीठाला लिहिलं, त्यांनी प्रवेश जानेवारीवर ढकलला. हेही मागता येतं, मागितल्याशिवाय कुणी देत नाही. आता ती तिथे आहे. सत्र चालू असताना विद्यार्थ्याला आठवड्याला वीस तास विद्यापीठाच्या आवारातच काम करता येतं. ती तिथल्या भोजनगृहात भांडी लावते. आईला फोनवर सांगत नाही, मला सांगते. शिक्षणानंतर वर्षभर आपल्या विषयातलं काम करता येतं, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या बहुतेक विषयांना आणखी दोन वर्षं मिळतात; पण हे नियम तिकडचं सरकार बदलू शकतं, त्यावर कर्जाचा सगळा हिशेब बांधू नका. आणखी एक, मुलींना निघण्याआधी जरूर सांगा: १९७२ च्या टायटल नाईन कायद्याप्रमाणे सरकारी पैसा घेणाऱ्या विद्यापीठात लैंगिक छळाची तक्रार घेणारी नेमलेली व्यक्ती असावी लागते. तिचं नाव पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवायचं.

आता कायद्याचं. महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून, आणि देशभर २००५ पासून, वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाइतकीच वाटेकरी आहे. सुप्रीम कोर्टाने २०२० साली सांगितलं की हा हक्क जन्माने आहे, २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही. मात्र स्वतः सही करून रीतसर सोडलेला हक्क परत मिळवणं फार कठीण. म्हणून सहीपूर्वी कागद वाचून घ्या, वाचता येत नसेल तर आणून दाखवा.

गेल्या महिन्यात त्या मुलीची आई माझ्याकडे आली. लग्न १९९९ चं. पिशवीत माहेरचा जुना सातबारा होता. तिच्याकडून कधी हक्कसोडावर सही घेतली होती का, ते तिला आठवत नव्हतं. "लग्नानंतर एकदा कसल्याशा कागदावर अंगठ्याशेजारी नाव लिहायला लावलं होतं," एवढंच म्हणाली. आम्ही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नकलेसाठी अर्ज केला आहे. पुढच्या बैठकीला तुम्हीही आपापल्या माहेरचा सातबारा घेऊन या.