घरात बिटकॉइनचं मशीन : आधी विजेचा हिशेब



हल्ली गटांच्या बैठकीत एक नवा प्रश्न येतो. "ताई, मुलगा म्हणतो घरात बिटकॉइनचं मशीन बसवू. रात्रंदिवस चालतं, आपण झोपलो तरी पैसे मिळतात. गटातून कर्ज मिळेल का?" शिलाई मशीनसाठी किंवा शेवयांच्या मशीनसाठी कर्ज मागितलं, तर आपण आधी हिशेब मांडतो. तसाच ह्या मशीनचाही मांडू.

हे मशीन करतं काय? बिटकॉइनचे सगळे व्यवहार एका सामाईक वहीत नोंदले जातात. साधारण दर १० मिनिटांनी त्या वहीला एक नवीन पान लागतं. पान लावण्याचा मान मिळवायला जगभरातली मशीनं एक आकडा शोधतात. त्याला युक्ती नाही, नुसते अंदाज करत राहायचं. ज्याला आकडा सापडला त्याला बक्षीस. एप्रिल २०२४ पासून हे बक्षीस दर पानाला ३.१२५ बिटकॉइन आहे. त्याआधी ते दुप्पट होतं, आणि साधारण दर चार वर्षांनी ते निम्मं होतं. म्हणजे साऱ्या जगात मिळून दिवसाला सुमारे ४५० नवी बिटकॉइन निघतात.

इथेच पिठाच्या गिरणीत आणि ह्या मशीनमध्ये फरक आहे. गावात वस्ती वाढली की गिरणीचं दळण वाढतं. इथे जगभराचं दळण ठरलेलं आहे. गिरण्या वाढल्या की प्रत्येकीच्या वाट्याला कमी येतं.

आता मशीनं पाहू. मशीनचा वेग टेराहॅशमध्ये सांगतात. एक टेराहॅश म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी अंदाज. विकणारा वेगच सांगतो. आपण विचारायचं, एका टेराहॅशला वीज किती लागते?

अँटमायनर एस-९ हे २०१६ चं मशीन. वेग सुमारे साडेतेरा टेराहॅश, वीज १,३५० वॅट. म्हणजे एका टेराहॅशला १०० वॅट. जुन्या बाजारात हे स्वस्त मिळतं, ते ह्याच कारणाने. एस-१९ प्रो हे २०२० चं. वेग ११० टेराहॅश, वीज ३,२५० वॅट, म्हणजे टेराहॅशला ३० वॅट. त्यानंतरचं एस-२१, वेग २०० टेराहॅश, वीज ३,५०० वॅट. टेराहॅशला साडेसतरा वॅट. चौथं आहे तळहातावर मावणारं बिटॅक्स. वेग साधारण सव्वा टेराहॅश आणि वीज १८ वॅट, एलईडी बल्बएवढी.

आता वही घ्या आणि लिहा. २०२५ मध्ये जगातल्या सगळ्या मशीनांचा मिळून वेग सुमारे १०० कोटी टेराहॅशपर्यंत गेला. बिटकॉइनची किंमत रोज बदलते, आपण हिशेबापुरती ८० लाख रुपये धरू. ४५० बिटकॉइन १०० कोटी वाट्यांत वाटली, तर एका टेराहॅशला दिवसाला ३ रुपये ६० पैसे पडतात. विजेचा दर १० रुपये युनिट धरू.

एस-९ : दिवसाची कमाई ४९ रुपये, वीज ३२ युनिट, म्हणजे ३२० रुपये.
एस-१९ प्रो : कमाई ३९६ रुपये, वीज ७८ युनिट, ७८० रुपये.
एस-२१ : कमाई ७२० रुपये, वीज ८४ युनिट, ८४० रुपये.
बिटॅक्स : कमाई साडेचार रुपये, वीजही जवळपास तेवढ्याचीच.

मशीनची किंमत आणि कर्जाचं व्याज ह्यात अजून धरलेलंच नाही. शिवाय घरगुती बिलात युनिट वाढले की दर चढतो. १०० पर्यंत एक दर, ३०० पर्यंत दुसरा, ५०० च्या पुढे सगळ्यात महाग. एस-२१ महिन्याला २,५२० युनिट खातं. तेव्हा आपल्या बिलावरचा सगळ्यात वरचा दर घालून हिशेब करा. बिलावर मंजूर भारही लिहिलेला असतो, तोही पाहा. साडेतीन किलोवॅटचं मशीन १५ अँपिअर ओढतं. गिझर अर्धा तास चालतो, हे चोवीस तास. जुन्या वायरिंगला ते झेपत नाही. वर मिक्सर सतत चालू ठेवल्यासारखा आवाज आणि खोलीभर उष्णता. ज्या घरात लहान मूल झोपतं, म्हातारं माणूस आजारी आहे, तिथे हे मशीन ठेवायचं कुठे?

करही आहे. १ एप्रिल २०२२ पासून अशा चलनाच्या नफ्यावर ३० टक्के कर लागतो आणि मशीनचा खर्च त्यातून वजा करता येत नाही, असं सरकारने संसदेत सांगितलं आहे.

कोणी म्हणेल, बिटकॉइनची किंमत वाढेल ना! वाढेलही, पडेलही. पण किंमत वाढली की जगात आणखी मशीनं लागतात आणि आपला वाटा आणखी बारीक होतो. ह्या हिशेबाने एस-२१ सुद्धा एक रुपयाची वीज जाळून ८६ पैसे काढतं.

हा हिशेब कळला की विकणारा दुसरी गोष्ट काढतो. "ताई, वीज महाग आहे ना? मग मशीन आमच्याकडे राहू द्या. तुम्ही फक्त पैसे घाला, महिन्याला ठरलेला परतावा घ्या." इथे जास्त सावध व्हायचं. घरातल्या मशीनचा मीटर तरी आपल्याला दिसतो. दूरचं मशीन आहे की नाही, हेही दिसत नाही.

हे आपल्या भागात घडलेलं आहे. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेने सांगितलं होतं, तुमचे बिटकॉइन आम्ही खाणकामाला लावतो, १८ महिने दरमहा १० टक्के देतो. नवीन माणसं आणली की कमिशन वेगळं. पुढे परतावा बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाच्या त्यांच्याच नाण्यात देऊ लागले. त्या नाण्याला बाहेर फारशी किंमत नव्हती. पुण्यात दत्तवाडी आणि आपल्याजवळच्या निगडी पोलीस ठाण्यात गुन्हे नोंदले गेले. मुख्य आरोपी अमित भारद्वाज ह्याला २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. २०२२ मध्ये तो वारला. पुढे तपास सीबीआयकडे गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्येही छापे चालूच होते. इतकी वर्षं लोक आपल्या पैशाची वाट पाहत आहेत.

दरमहा १० टक्के म्हणजे दहा महिन्यांत मुद्दल परत. आपल्या गटातली एखादी बाई शेळीपालनाचा असा हिशेब घेऊन आली, तर आपण तिला दहा प्रश्न विचारू. मशीनवाल्यालाही तेच विचारायचे. टेराहॅशला वीज किती? बिलाचा सगळ्यात वरचा दर लावून दिवसाला उरतं किती? आणि मशीन कुठे आहे, मी जाऊन पाहू शकते का? तिन्ही उत्तरं कागदावर मिळाल्याशिवाय गटाचा पैसा हलवायचा नाही.

मुलांना रागावू नका. चाकणच्या कंपनीत बारा तास उभं राहून आलेल्या मुलाला झोपेत मिळणाऱ्या पैशाची ओढ वाटणारच. त्याला विजेचं बिल आणि वही घेऊन शेजारी बसवा, हिशेब त्यालाच मांडू द्या. शिकायची हौस असेल तर बिटॅक्ससारखं छोटं मशीन त्याने स्वतःच्या पगारातून घ्यावं, कमाईची आशा न धरता.

आणि कोणाचे पैसे ऑनलाइन अडकलेच, तर लाजून गप्प बसू नका. १९३० ह्या क्रमांकावर लगेच फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

गटातला पैसा दर महिन्याच्या शंभर-दोनशे रुपयांतून उभा राहिलेला आहे. तो कुठे जातो ते सगळ्याजणींना दिसलं पाहिजे.