मैदान कोणाचे आणि तोटा कोणाचा?



आजच्या व्याख्यानाचा विषय चालकांनी फलकावर लिहिला, तेव्हा तो वाचून काहींना हसू आले असेल. कोळसा, सागवान, वाघ आणि उन्हाळा यांसाठी नाव मिळवलेल्या आमच्या चांद्याला फुटबॉल क्लबांच्या जमाखर्चाशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणीही विचारील. आम्हीही तो स्वतःला विचारला. परंतु 2020 च्या महासाथीत इंग्लंडातल्या लहान लहान क्लबांच्या बातम्या वाचत असताना आम्हांला पुन्हा पुन्हा वडशाची आठवण होऊ लागली. ती का झाली, हे सांगण्यासाठीच आजचा तास आपल्याकडून मागून घेतला आहे.

फुटबॉलचे नाव काढले की डोळ्यांपुढे कोट्यवधींचे खेळाडू आणि दूरचित्रवाणीवरचे झगमगते सामने येतात. ते वरच्या फळीचे जग झाले. त्याच्या खाली दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या फळीचे क्लब असतात. तालुक्याएवढ्या गावाचा संघ, त्याचे जुने मैदान, शनिवारी दुपारी जमणारी दोन-चार हजार माणसे, असा त्यांचा संसार. दूरचित्रवाणीचा पैसा वरून पाझरत येईपर्यंत त्याचे थेंबच उरतात. तेव्हा खरा आधार दारावरच्या तिकिटाचा, मध्यंतरात विकल्या जाणाऱ्या चहा-बिअरचा आणि गावातल्या दुकानदाराने कुंपणावर लावलेल्या जाहिरातीचा. मार्च 2020 मध्ये दार बंद झाले आणि हे तिन्ही झरे एका दिवसात आटले. खेळाडूंचे पगार मात्र करारातच लिहिलेले होते.

मॅक्लसफील्ड नावाचे एक गाव आहे. तेथला क्लब 1874 साली स्थापन झालेला. सप्टेंबर 2020 मध्ये न्यायालयाने तो मोडीत काढला. देणे किती? सुमारे पाच लाख पौंड, म्हणजे त्या वेळच्या भावाने साडेचार-पाच कोटी रुपये. वरच्या फळीतला एखादा खेळाडू तेवढे दोन-तीन महिन्यांत मिळवतो! आता हे सारे साथीच्या माथी मारणे सोपे आहे. पण ते खरे नाही. साथ येण्यापूर्वीच या क्लबाने खेळाडूंचे पगार थकवले होते आणि त्यापायी त्याचे गुणही कापले गेले होते. साथीने फक्त शेवटचा धक्का दिला. बरी नावाच्या गावाचा क्लब तर साथीच्या आधीच, ऑगस्ट 2019 मध्ये, लीगमधून काढून टाकला गेला. त्याच्या मालकाने तो आठ-नऊ महिन्यांपूर्वीच एका पौंडाला विकत घेतला होता. एक पौंड! आमच्याकडे म्हातारा बैलही त्या किमतीला कोणी सोडणार नाही. किंमत एक पौंड होती, कारण मालमत्तेबरोबर कर्जही पदरात येत होते; आणि कर्ज फेडण्याची ऐपत मालकाकडे आहे किंवा नाही, याची खातरजमा कोणी नीट केली नव्हती. विगन या क्लबाचे प्रकरण आणखी चमत्कारिक. त्याची मालकी जून 2020 च्या सुरुवातीला बदलली आणि 1 जुलैला तो दिवाळखोरीच्या प्रशासकाच्या हाती गेला. नवा मालक महिनाभरही टिकला नाही.

तेव्हा आमचे म्हणणे असे, की साथीने या क्लबांना एकच प्रश्न विचारला: उत्पन्न थांबल्यावर तोटा कोण सोसणार? मालकी कोणाची, हे कागदावर पाहून कळत नाही. तोटा कोणाच्या घरी जातो, ते पाहिले म्हणजे कळते.

वरच्या फळीला हा प्रश्न फारसा जाचला नाही. आपल्या देशात 2020-21 ची इंडियन सुपर लीग सबंध गोव्यात, तीन मैदानांवर, एकही प्रेक्षक न घेता खेळवली गेली. खेळाडूंना हॉटेलात कोंडून ठेवले, कॅमेरे चालू ठेवले, काम भागले. प्रेक्षकावाचून खेळ चालतो, असा शोध त्या वर्षी लागला. ज्याच्याजवळ कॅमेरा नाही, त्याला मात्र प्रेक्षकावाचून तरणोपाय नव्हता.

कोणी म्हणेल, की खंबीर धनिक पाठीशी असला म्हणजे काळजी नको. महाराष्ट्र-गोव्याचा अनुभव तसे सांगत नाही. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा देशातल्या नामांकित संघांपैकी एक. 2010 मध्ये कंपनीने तो बंद केला. पुण्यात 2007 साली एका उद्योगसमूहाने काढलेला पुणे एफ. सी. दहा वर्षेही धड चालला नाही. त्याच शहरातला डीएसके शिवाजियन्स 2017 मध्ये संपला. पुढे एफ. सी. पुणे सिटी 2019 मध्ये बंद पडला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या संघाला मिळाली. गोव्यात साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी 2016 मध्ये राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. त्यांचा राग लीगच्या नव्या रचनेवर होता, आणि तो रास्त होता असे आम्हांला वाटते. यांपैकी एकाही वेळी कसलीही साथ आलेली नव्हती. एका कचेरीत एक बैठक झाली, एवढेच. प्रेक्षकाला दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कळले, की ज्याला तो कालपर्यंत 'आपला संघ' म्हणत होता, तो आपला कधी नव्हताच.

याच महाराष्ट्रात याच्या अगदी उलट मासला पाहायचा असेल, तर कोल्हापूरला जावे. तेथे संघ काढतात त्या तालमी. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ अशी नावे. मूळ आखाडा कुस्तीचा. त्याच मंडळाचा गणपती आणि त्याच मंडळाचा फुटबॉल संघ. शाहू स्टेडियमवर सामना असला म्हणजे पेठच्या पेठ तिकीट काढून जाते. पैसा वर्गणीतून, बक्षिसांतून, एखाद्या पुढाऱ्याच्या किंवा व्यापाऱ्याच्या देणगीतून उभा राहतो. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. मार्च 2020 मध्ये तेथलेही मैदान बंद झाले. परंतु तालीम दिवाळखोरीत निघाली, असे काही घडले नाही. घडणार कसे? तालमीची इमारत पेठेतच उभी, तिच्यावर सावकाराचा बोजा नाही, आणि तिला मोडीत काढायचे तर आधी गल्ली मोडीत काढावी लागेल.

येथे टाळ्या वाजवून थांबण्याचा मोह होतो. आम्हीही बरेच दिवस तेथेच थांबलो होतो. पण तालीम तगली ती कशाच्या जोरावर, हेही पाहिले पाहिजे. ती तगली, कारण तिला फारसे कोणाचे देणे नव्हते. आणि देणे नव्हते, कारण खेळाडूशी पगाराचा करारच नव्हता. सामना झाला तर मानधन, झाला नाही तर राम राम. या तालमींनी ईर्षेने आफ्रिकेतूनसुद्धा खेळाडू आणले आहेत. परंतु पेठेतला पोरगा बहुधा दिवसा कोठे तरी काम करतो आणि संध्याकाळी खेळतो. मॅक्लसफील्डला तोटा न्यायालयात दाखल झाला, त्याला आकडा मिळाला. तालमीत तो पोरांच्या घरोघर वाटला गेला. म्हणून त्याचा हिशेब कोठेच सापडत नाही.

आता वडशाकडे येऊ.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या झाडीपट्टीत धान घरात आले म्हणजे नाटकांचे दिवस सुरू होतात. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव मांडव पडतात, रात्रभर नाटक चालते, पाहुणेरावळे येतात, सोयरिकी जुळतात. दंडार आणि खडी गंमत यांच्या कुशीत वाढलेली ही रंगभूमी. तिचे एक थोर नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, हे आपण सारे अभिमानाने सांगतो. नाटक कंपन्यांचे ठाणे वडसा, म्हणजे देसाईगंज. गावातले मंडळ तेथे जाते, कंपनी ठरवते, इसार देते, परत येऊन मांडव घालते आणि तिकीट लावते. गर्दी झाली तर उरलेल्या पैशात देवळाचा कळस किंवा शाळेची भिंत होते. गर्दी पडली नाही तर मंडळाची पोरे खिशातून भरतात. आम्ही म्हणतो, हा फुटबॉलच्या खालच्या फळीचा धंदाच नव्हे काय? मोसम तोच, दार तेच, तिकीट तेच, आणि कॅमेरा नाही!

या धंद्याला एक मोठा धक्का पूर्वीही बसला होता. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शंकरपट बंद झाले. पट पाहायला आलेली माणसे रात्री नाटकाला थांबत; पट गेले आणि त्याबरोबर तेवढी गर्दीही गेली. (बैलांचे हाल होत होते की नव्हते, या वादात आज शिरत नाही, तो एक वेगळा तास होईल.) पटाला परवानगी मिळाली ती डिसेंबर 2021 मध्ये, म्हणजे ऐन साथीत.

साथीचे आपल्याकडले गणित आपण पाहिलेच आहे. मार्च 2020 ची टाळेबंदी मोसमाच्या शेपटीवर आली, म्हणून ती तितकी झोंबली नाही. त्या नोव्हेंबरात राज्यात नाट्यगृहे निम्म्या प्रेक्षकांवर उघडली. पण उघड्या शेतातल्या मांडवाला 'निम्मे' म्हणजे किती, हे कोण मोजणार? शहरातल्या नाट्यगृहासाठी काढलेला हुकूम गावाच्या मांडवाला कसा लावायचा, ते ठरवणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहिले. ऑक्टोबर 2021 मध्ये नाट्यगृहे पुन्हा उघडली, मंडळांना धीर आला. आणि 10 जानेवारी 2022 पासून रात्री अकरा ते पहाटे पाच संचारबंदी लागली. मुंबई-पुण्याचे नाटक साडेनऊ-दहाला संपवता येते. आमच्या झाडीतले नाटक खरे रंगते ते मध्यरात्रीनंतर. अकराला माणसे उठवायची म्हणजे पडदा उघडूच नये हे बरे.

मग तोटा कोणी सोसला? मंडळाने मांडवच घातला नाही, तेव्हा त्याचे विशेष गेले नाही. कंपनीचा मालक कर्जात आला. पण त्याचे पडदे आणि सामान तरी शिल्लक राहिले. नटाचे, नटीचे, हार्मोनियम वाजवणाऱ्याचे मात्र चार-पाच महिने बुडाले, आणि त्यावरच त्यांची वर्षाची चूल चालते. ज्यांनी ना मंडळात सही केलेली, ना कंपनीत भाग घेतलेला, त्यांच्याच घरी तोटा मुक्कामाला गेला.

असे होणे अटळ आहे काय? इंग्लंडात एक्झिटर नावाचा क्लब 2003 पासून प्रेक्षकांच्याच न्यासाच्या मालकीचा आहे. त्यांनी घडवलेला ऑली वॉटकिन्स हा खेळाडू 2017 मध्ये विकताना पुढच्या विक्रीतला हिस्सा करारात लिहून घेतला होता. सप्टेंबर 2020 मध्ये, ऐन बंदीत, तो पुन्हा मोठ्या किमतीला विकला गेला आणि रिकाम्या मैदानाच्या मालकांना मोठी रक्कम मिळाली. याला नशीब म्हणावे, पण कागद आधी लिहून ठेवलेला होता. आणि इतके दूर तरी कशाला जावे? धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. आपल्या गोंडपिपरीकडच्या पाचगावला 2012 मध्ये. बांबू तोडणाऱ्याची मजुरी चुकती करून उरलेला पैसा ग्रामसभेच्या खात्यावर राहतो, आणि त्याचे काय करायचे ते सर्वांच्या बैठकीत ठरते. टाळेबंदीत गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी अशाच शिलकीतून गरजूंच्या घरी धान्य पोहोचवले. तेथे तोडणारा आणि मालक एकाच बैठकीत बसतात, म्हणून मजुरी आधी आणि शिल्लक मागाहून. नाटकाच्या मंडळाच्या बैठकीत नट कधी बसलेला आम्ही पाहिला नाही.

हे आम्ही दुसऱ्यांना शिकवण्यासाठी बोलत नाही. ब्रह्मपुरीकडच्या एका गावातल्या मंडळाची हिशेबाची वही काही वर्षे आमच्याकडे होती. 2022 च्या जानेवारीत तेथे नाटक ठरले होते, इसार दिला होता, आणि संचारबंदीचा हुकूम आला. मंडळाची बैठक मारुतीच्या देवळात भरली. इसार परत मागावा असे बहुतेकांचे मत पडले. पैसा वर्गणीचा आहे, तो सोडण्याचा आपल्याला अधिकार नाही, असा मुद्दा आम्हीच मांडला आणि तो सर्वांना पटला. कंपनीच्या मालकाने फोनवर सांगितले, की पैसे कलाकारांना उचल म्हणून देऊन झाले आहेत. आम्ही म्हटले, ते तुमचे तुम्ही पाहा. पंधरा दिवसांनी रक्कम पुरी आली. ती त्याने कोठून उभी केली, उचल दिलेल्यांपैकी कोणाकोणाकडून परत घेतली, हे आम्ही विचारले नाही.

पुढच्या मोसमात तीच कंपनी आली, मांडव भरला, उत्पन्न चांगले झाले. जुन्या पानावर आमच्या अक्षरात एक ओळ आहे: 'इसार परत, जमा.' त्या ओळीसमोरचा शेऱ्याचा रकाना कोराच राहिला आहे.