कमरेचे पिस्तूल आणि कापणारा हात



९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली, आणि आपल्या बीड जिल्ह्यात शस्त्रांचे बाराशेहून अधिक परवाने आहेत, ही गोष्ट चर्चेस आली. पुढे प्रशासनाने त्यांतले कित्येक रद्द केले. कोणास परवाना कसा मिळाला, हा वाद आज आम्ही काढीत नाही. आमचा प्रश्न साधा आहे : जिवावर बेतले असता त्या पिस्तुलाचा धनी नेम धरू शकेल काय?

ऊसतोड मजुराचे पाहा. दिवसभर त्याचा कोयता बुडख्यावर अचूक पडतो. पाचटातून साप निघाला की तोच कोयता ढेकळावर बसतो. हात तोच, हत्यार तेच; बदलते ते शरीर. भीतीसरशी अॅड्रेनलिन रक्तात उतरते, छाती धडधडते, रक्त मोठ्या स्नायूंकडे धावते. पळायला, झोंबायला हे उत्तम. पण चाप ओढणे हे बोटाच्या पेराचे नाजूक काम. तेथे हात कापतो, तळवा घामेजतो. दृष्टी नळीतून पाहावे तशी आकसते. समोरचे शस्त्र तेवढे दिसते, बाजूला उभे असलेले पोर दिसत नाही.

न्यूयॉर्कच्या पोलिसांचा १९९८ ते २००६ पर्यंतचा हिशेब रँड या संस्थेने २००८ साली मांडला. समोरून गोळीबार होत नसता शंभरांत ३० गोळ्या लागल्या. होत असता अवघ्या १८. आणि ही शिकवून तयार केलेली माणसे! उरलेल्या ८२ कोठे जातात, याचा विचार गल्लीबोळात राहणाऱ्यांनी करावा.

सराव करावा, असे आपण म्हणाल. राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. तो तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, म्हणून आम्हांस अंमळ जास्तच अभिमान! पण तेथे समोरून कोणी गोळी झाडीत नव्हते. हॉलंडात काही पोलिसांना उलट रंगाची काडतुसे मारणाऱ्या माणसासमोर उभे करून सराव दिला. नुसत्या पुठ्ठ्यावर शिकलेल्यांचा नेम दडपणाखाली ढळला, यांचा टिकला.

आपल्याकडे २०१६ च्या शस्त्रनियमांनी प्रशिक्षण सांगितले आहे. वरातीत आकाशात बार काढणे म्हणजे ते नव्हे. सभेत परवानाधारक असतीलच. गेल्या वर्षभरात आपण किती गोळ्या, कोणाच्या देखरेखीखाली झाडल्या, एवढे त्यांनी प्रश्नोत्तरांच्या वेळी सांगावे.