घाम कोठे गाळावा?

(अमरावती येथील कार्यकर्ता शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मृगाचा पाऊस पडला की वऱ्हाडातील कोरडवाहू शेतकरी दरवर्षी एक मोठा आर्थिक निर्णय घेतो. मात्र त्याला कोणी निर्णय म्हणत नाही. सरकी, खत, मजुरी यांवरचा सारा खर्च त्याला पेरणीच्या हंगामात करावा लागतो. कापूस घरात येऊ लागतो तो दसरा-दिवाळीच्या सुमारास आणि त्याला काय भाव मिळणार हे कळते तेही तेव्हाच. मध्येच पावसाने दडी मारली तर दुबार पेरणी आलीच. पहिला खर्च मातीत जातो आणि दुसऱ्यासाठी पुन्हा कोणाचे तरी दार ठोठवावे लागते. अशा अटींवर पैसा गुंतवण्यास कोणताही गिरणीमालक तयार होणार नाही. असे असूनही शहाणी माणसे हिशेब शिकवण्यास निघतात ती या शेतकऱ्यालाच!

वेळ, पैसा आणि श्रम कशात घालावेत व कशात घालू नयेत, याची पारख करण्याचा प्रश्न म्हणूनच केवळ घरगुती काटकसरीचा राहत नाही. तो राजकीय प्रश्न आहे. कार्यकर्त्यालाही तो सुटलेला नाही, कारण त्याच्यापाशी पैसा नसला तरी आयुष्याची मोजकी वर्षे असतात, आणि तीही चुकीच्या जागी खर्च होऊ शकतात.

या प्रश्नाचा मूलगामी विचार वऱ्हाडात एका शाळा न शिकलेल्या माणसाने केला. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात डेबूजी जन्मला. वडील दारूपायी लवकर गेले आणि मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी तो वाढला. राबून पिकवलेली मामाची जमीन सावकाराच्या घशात गेलेली त्याने डोळ्यांनी पाहिली. पुढे मुलीच्या बारशाला जातभाईंना मटण व दारू देण्याची रूढी मोडून त्याने गोडाचे जेवण घातले. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्याने घर सोडले आणि हाती गाडगे व खराटा घेतलेला हा माणूस महाराष्ट्राला गाडगेबाबा म्हणून परिचित झाला.

बाबांचे आरंभीचे मोठे काम पूर्णेकाठच्या ऋणमोचन येथे उभे राहिले. या तीर्थाचे नावच ऋणातून सुटका सांगणारे. पौषातील रविवारी तेथे यात्रा भरे आणि स्नानास उतरणारे म्हातारेकोतारे काठच्या चिखलात घसरून पडत. बाबांनी तेथे लोकांच्या श्रमाने व वर्गणीने घाट बांधून घेतला. स्नानाने कोणाचे कर्ज फिटले असेल असे नाही. पण पाय घसरायचे थांबले. पुढे पंढरपूर, नाशिक, मूर्तिजापूर अशा ठिकाणी धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातलगांसाठी निवारा झाला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. स्वतः मात्र बाबा झोपडीत राहिले.

या कामांकडे नीट पाहिल्यास बाबांची मोजपट्टी ध्यानात येते. जे सकाळी उष्ट्या पत्रावळींबरोबर उकिरड्यावर जाते, त्यासाठी कर्ज काढू नये. जे उभे राहील आणि ज्याने एक पैसाही दिला नाही त्याच्याही उपयोगी पडेल, त्यासाठी घाम गाळावा. तिसरी गोष्ट सहसा कोणी पाहत नाही. काम उभे राहिल्यावर त्याची झाडलोट, दुरुस्ती आणि रोजचा खर्च कोण वाहणार, याची व्यवस्था त्यांनी आधी केली. संस्था त्यांनी विश्वस्तांच्या हाती सोपवल्या. नवस, जत्रेतले बोकड, ऐपतीबाहेरचे लग्न यांवर कीर्तनात त्यांनी झोड उठवली ती याच मोजपट्टीने, आणि उपदेश करण्यापूर्वी दिवसभर ते गाव झाडत. आपले श्रम आधी आणि दुसऱ्याचा पैसा नंतर, हा त्यांचा क्रम होता.

परंतु येथेच थांबले तर बाबांच्या शिकवणीचा विपर्यास होतो. शेतकरी लग्नात पैसा उधळतो म्हणून कर्जात बुडतो, हे सत्ताधाऱ्यांना सोयीचे सूत्र फार जुने आहे. पुणे व नगर जिल्ह्यांत १८७५ साली सावकारांविरुद्ध जे दंगे झाले, त्यांच्या चौकशीसाठी इंग्रज सरकारने आयोग नेमला. लग्नकार्यावरील खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते, असे खुद्द त्या आयोगालाच आढळले. म्हणजे बाबांचा जन्म झाला त्या काळातच या सूत्राचा फोलपणा सरकारी कागदावर आला होता. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला बुडवणारा मोठा खर्च मांडवात होत नाही. तो पेरणीत होतो, आणि तो टाळायचा तर शेतीच सोडली पाहिजे. तेव्हा बाबांची मोजपट्टी शेतकऱ्याच्या घराला लावणाऱ्याने ती सरकारच्या तिजोरीलाही लावली पाहिजे.

पूर्णेच्याच खोऱ्यातील उदाहरण घ्यावे. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. तेथे जमिनीखालील पाणी खारे आहे आणि काळ्या चिकण मातीतून निचरा होत नाही. गोड्या पाण्याच्या गावात ज्या विहिरीने एखाद्या घराचे दैव पालटते, तीच विहीर या पट्ट्यात खणली तर पैसा व मेहनत दोन्ही जातात. शिवाय ते पाणी पिकाला दिल्यास जमीन चोपण होते. याउलट पावसाचे वाहून जाणारे पाणी शेततळ्यात अडवले, तर पावसाच्या ताणात संरक्षित पाण्याच्या एक-दोन पाळ्या देता येतात आणि हातचे पीक वाचते. मेहनत तीच, पण तिचे फळ जागेच्या ज्ञानावर अवलंबून. हे ज्ञान एकट्या शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने, ठेच खाऊन मिळवावे काय? अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ साली जनतेच्याच पैशाने उभे राहिले. तेथील ज्ञान शेताच्या बांधापर्यंत पोहोचवणे हा उपकार नव्हे. तो शासनाने फेडावयाचा हिशेब आहे.

शासनाने पैसा ओतला म्हणजे काम झाले, असेही मानण्याचे कारण नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी विदर्भ हादरला असता १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अमरावती विभागातील पाच आणि वर्धा अशा सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तीत दुधाळ जनावरांचे वाटपही होते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या गोठ्यात अधिक दूध देणारी गाय आली. परंतु तिला रोज लागणारा हिरवा चारा, पेंड आणि पाणी कोठून येणार हे कोणी विचारले नव्हते. घरातल्या माणसांपेक्षा गायीचा खर्च जड झाला आणि अनेकांना ती विकावी वा देऊन टाकावी लागली. ऋणमोचनाच्या घाटाला जो प्रश्न बाबांनी विचारला, तो या गायीला विचारला गेला असता तर बराच पैसा योग्य जागी लागला असता.

भावाचेही तसेच. पिकाचा हमीभाव उत्पादनखर्चाच्या किमान दीडपट असावा, अशी शिफारस स्वामिनाथन आयोगाने केली होती. २०१८ साली केंद्र सरकारने दीडपट भावाची घोषणा केली. पण आधारभूत धरलेल्या खर्चात बी-खत-मजुरी व घरच्यांचे श्रम मोजले आणि शेतकऱ्याने गुंतवलेल्या स्वतःच्या भांडवलाचे व्याज व जमिनीचा खंड वगळला. कारखान्याचा हिशेब असा मांडण्याचे धाडस कोणी करील काय? उपदेशाबरोबर कायदा आणि संस्था लागतात, हे वऱ्हाडने पूर्वी ओळखले होते. पंजाबराव देशमुखांनी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात असताना कर्जबाजारी शेतकऱ्यासाठी कर्ज-लवाद कायद्याचा पुरस्कार केला, आणि १९३२ साली अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. तिचे फळ एका हंगामात येणार नव्हते; ते पुढच्या पिढीने खाल्ले.

आता कार्यकर्त्याच्या हिशेबाकडे वळावे. मोर्चे, परिषदा, सत्काराच्या सभा यांत त्याचे वर्ष सरते. त्यांतील किती गोष्टी मांडव सुटल्यावर शिल्लक राहतात, हे त्याने प्रामाणिकपणे पाहावे. मोर्चा व्यर्थ आहे असा याचा अर्थ नाही. ज्या मोर्चामागे गावात उभे असलेले काम आहे, त्याच्या निवेदनाला वजन असते. ज्याच्यामागे नुसत्या घोषणा आहेत, तो दुपारच्या उन्हात विरून जातो.

खारपाणपट्ट्यातील शेततळ्याचेच पाहा. दोन एकरांच्या धन्याला तळ्याखाली जमीन घालवणे परवडत नाही. चौघांनी मिळून सामाईक तळे करावे तर जागा कोणाची, पाणी आधी कोणाला, गाळ कोणी काढायचा, यावर बोलणी मोडतात. ती जुळवण्यास चार संध्याकाळी चौघांच्या ओसरीवर बसणारा, वादात कोणाचाही नसलेला माणूस लागतो. वर्तमानपत्रात त्याचे नाव येत नाही. पण ते तळे झाले आणि त्याच्या देखभालीचा लेखी करार झाला, तर कार्यकर्ता दुसऱ्या गावी गेला तरी पाणी साठतच राहील. समाजवाद म्हणजे काय हे त्या चौघांना निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

म्हणून प्रत्येक तालुका समितीने पुढच्या मृगापूर्वी असे एकच काम निवडावे. ते कोणाच्या उपयोगाचे, फसले तर तोटा कोणावर पडणार आणि नंतर सांभाळणार कोण, या तीन प्रश्नांची उत्तरे गावासमोर बसून लिहून काढावीत. ज्या कामात तोट्याचा सगळा भार सर्वांत गरिबावर पडतो, ते काम कितीही देखणे दिसले तरी नाकारावे. आणि जे काम या कसोटीला उतरेल, त्याच्या पहिल्या दिवसाचा खराटा कार्यकर्त्याने स्वतः हाती घ्यावा.