वेस, बुरूज आणि सरहद्द
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी सप्टेंबरात हैदराबाद मुक्तिसंग्रामावर भाषणे होतात. त्यांत स्वामी रामानंद तीर्थ येतात, सरदार पटेल येतात, मेजर जनरल चौधरी येतात, आणि ते यायलाच हवेत. पण २९ नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे करारापासून १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटेपर्यंत साडेनऊ महिने गेले. त्या काळात फौज आली नव्हती आणि गावातल्या पोलिसाकडे दाद मागायची सोय उरली नव्हती. मग रात्री गाव राखले कोणी आणि कसे? आज आम्ही तेवढेच बोलणार आहोत. आमची नोकरी सरकारी बांधकामाची, शिक्षण डिप्लोमापुरते. त्यामुळे इतिहासकाराच्या थाटात नव्हे, तर भिंती आणि रस्ते पाहणाऱ्या माणसाच्या नजरेने बोलू.

आपल्यापैकी बऱ्याच घराण्यांची मुळे औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत आहेत. तिथली जुनी गावे आठवा. गावाला वेस, वेशीवर येसकर, रात्री फिरणारा जागल्या, आणि मधोमध पाटलाची किंवा देशमुखाची गढी. खाली घडीव दगडाचे जोते, वर पांढऱ्या मातीची दोन-दोन हात रुंद भिंत, भिंतीत जंग्या, आत आड आणि धान्याचे पेव. आमच्या खात्यात आज कोणी मातीच्या भिंतीचे नाव काढत नाही. पण बंदुकीची गोळी अशा भिंतीत रुतून बसते, आणि आत पाणी व धान्य असले की चार-आठ दिवस निघतात. ही व्यवस्था पेंढाऱ्यांच्या काळापासूनची. शंभर वर्षे तिचे काम पडले नव्हते. कुठे बुरूज ढासळलेला, कुठे वेशीची दारे लोकांनी सरपणाला नेलेली. १९४७ च्या शेवटी रझाकारांच्या टोळ्या लॉरीत बसून गावोगाव येऊ लागल्या, तेव्हा लोकांना या गोष्टी पुन्हा आठवल्या.

हत्यारे म्हणाल तर लाठ्या, कुऱ्हाडी, गोफणी आणि कुठे एखादी ठासणीची बंदूक. तेलंगणात बायकांनी मिरचीची पूडही वापरली. गोफणीला आपण हसतो, पण राखणीला माळ्यावर बसणाऱ्या पोराचा नेम चुकत नसे, आणि अंधारात उंचावरून येणारा दगड कुठून आला ते कळत नाही. तरीही खरे हत्यार होते इशारा. बुरुजावर माणूस, हाताशी नगारा. धूळ दिसली की नगारा वाजायचा आणि शेजारच्या गावाला कळायचे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण मराठवाड्यातले नाही. आपण राहतो त्या राज्यातलेच आहे. भैरानपल्ली आज सिद्दिपेट जिल्ह्यात येते. तिथल्या लोकांनी गावाचा बुरूज हाताशी धरून पहारा बसवला आणि रझाकारांचे हल्ले एकापेक्षा जास्त वेळा परतवले. २७ ऑगस्ट १९४८ रोजी मोठा जमाव पोलीस आणि तोफा घेऊन आला. तोफेपुढे बुरुजाचे काही चालले नाही. शंभराच्या आसपास माणसे मारली गेली. फौज यायला सतरा दिवस उरले होते. तो बुरूज अजून उभा आहे. मंडळाच्या सहलीने तिकडे एकदा जावे अशी आमची विनंती आहे.

भैरानपल्लीने धैर्यात काही कमी ठेवले नव्हते. पण बुरूज फक्त वेळ मिळवून देतो, आणि मिळवलेल्या वेळात जायचे कुठे हा प्रश्न उरतो. तिथून हिंदी संघराज्याची हद्द लांब होती. उस्मानाबादच्या पश्चिमेकडच्या गावांना मात्र ती शेताच्या बांधापलीकडे होती. तिथली सरहद्द वेडीवाकडी. बार्शी तालुका बऱ्याच अंगांनी निजामी मुलखाने वेढलेला, मध्येच इकडची गावे तिकडे आणि तिकडची इकडे. घर एका राज्यात आणि विहीर दुसऱ्यात असले की रोजच्या व्यवहारात ती कटकट. पण त्या वर्षी तीच विहीर आसरा झाली. संध्याकाळी बायकामुले हद्दीपलीकडे निजायला न्यायची, सकाळी परत आणायची आणि पुरुषांनी गावात राहायचे, अशी रीत अशा ठिकाणी पडणे साहजिक होते. कित्येक कुटुंबे मग परतलीच नाहीत. सोलापूर, बार्शी आणि वऱ्हाडात राहिली.

पण सरहद्द दोन्ही बाजूंनी ओलांडता येते. पलीकडे स्टेट काँग्रेसचे कॅम्प होते. गौडगावचा कॅम्प आणि नांदेडकरांसाठी उमरखेडचा, हे विशेष प्रसिद्ध. तिथली तरुण मुले रात्री येऊन करोडगिरीची नाकी उद्ध्वस्त करीत. ३० जानेवारी १९४८ रोजी, दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, उमरीची बँक लुटून तो पैसा लढ्यासाठी नेण्यात आला. काचीगुड्याहून मनमाडच्या गाडीने जाताना लागते तेच हे उमरी. नाके पडले की त्याचा वचपा जवळच्या गावावर निघे, कारण कॅम्प हद्दीपलीकडे होता आणि गाव हाताशी होते. तेव्हा कॅम्पवाल्यांना जेवण द्यायचे की नाही, यावरून एकाच गावात दोन तट पडत. आम्ही त्या कार्यकर्त्यांना नावे ठेवीत नाही. त्यांच्याशिवाय नाकी पडली नसती. पण ज्याची गंजी जळाली, त्याने दार लावून घेतले तर तो फितूर होत नाही.

फूट केवळ हिंदू-मुसलमान अशी नव्हती. रझाकारांनी दलितांना आपल्याकडे ओढण्याचा प्रयत्न केला आणि नोव्हेंबर १९४७ मध्ये डॉ. आंबेडकरांना निजामाची बाजू घेऊ नका असे जाहीरपणे सांगावे लागले. गावराखणीसाठी हे महत्त्वाचे होते, कारण वेशीवरचा येसकर महार होता. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवले त्यानेच वेस राखायची, ही आपल्या व्यवस्थेची गंमत म्हणावी की लाज? दुसरीकडे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध लिहिले आणि २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री याच शहरात, काचीगुड्यात, त्यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला.

१३ सप्टेंबरला फौज सोलापूरहून निघाली. पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आला आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. बहुतेक भाषणे इथे संपतात. आम्हाला ते पटत नाही. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने त्यानंतर जिल्हे फिरून अहवाल दिला, तो सर्वसामान्यांना वाचायला मिळाला २०१३ मध्ये. समितीच्या अंदाजाने पोलीस कारवाईच्या वेळी आणि नंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. त्यांत मुसलमान होते, आणि सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. काल गस्त घालणाऱ्या माणसाला कोण कुठे राहतो, कोणाच्या घरात किती माणसे, हे सगळे ठाऊक असते. राखणीसाठी जमवलेली ही माहिती सूड घ्यायलाही तितकीच उपयोगी पडते.

त्याच अहवालात विणकरांची नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकर मुसलमान विणकरांसाठी आपल्याच लोकांच्या आडवे उभे राहिले, आणि त्यात त्यांच्यातले काही मेले. त्यांची नावे कुठल्या स्तंभावर आम्ही तरी पाहिलेली नाहीत.

मंडळाच्या ग्रंथालयात यंदा एक जाड वही ठेवली आहे. आपल्या घरी आजीकडून ऐकलेले जे असेल, कोणत्या गावची वेस, कोण पहाऱ्याला, कोणाकडे आसरा घेतला, कोणाला आपण आसरा दिला किंवा दिला नाही, ते तारीख आठवत नसली तरी लिहावे. ऐंशी-नव्वदीतली मंडळी लिहू शकत नसतील तर आम्ही दोघे-तिघे रविवारी घरी येऊन उतरवून घेऊ. पत्ता तेवढा कचेरीत द्यावा.