बाह्या खाली!

गेल्या महिन्यात आपल्यापैकी एका जोडप्याने मला विचारलं, "साहेब, अंदमानला जायचंय, पण तिथे म्हणे सँडफ्लाय चावतात. जावं की नको?" मी फोनवर उत्तर दिलं नाही. म्हटलं, व्याख्यानातच सांगतो, कारण या प्रश्नाचं उत्तर देताना मला माझी एक चूकही सांगावी लागेल.

फेब्रुवारी २०१९. मी निवृत्त, मुलगी आपल्या घरी, आणि आम्ही दोघं भिलाईहून रायपूर, रायपूरहून कोलकाता, तिथून पोर्ट ब्लेअर असे पोचलो. या शहराचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय, पण माझ्या तोंडात अजून जुनंच येतं. आम्हाला जायचं होतं उत्तरेला, दिगलीपूरजवळच्या रॉस आणि स्मिथ या जुळ्या बेटांवर. इथे एक घोटाळा सांगून टाकतो. पोर्ट ब्लेअरसमोर जे प्रसिद्ध रॉस बेट होतं, ते वेगळं. त्याला सागरी सर्वेक्षक डॅनियल रॉस यांचं नाव होतं आणि डिसेंबर २०१८ मध्ये ते नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. दिगलीपूरचं रॉस लहान, राखीव, आणि तिथे जायला वनखात्याची परवानगी लागते.

पोर्ट ब्लेअरहून दिगलीपूर म्हणजे रस्त्याने अख्खा दिवस. जारवांच्या राखीव जंगलातून गाड्यांचा ताफा सुटतो, मधे खाडी ओलांडायला गाडीसकट फेरीत चढायचं. दुसऱ्या दिवशी एरियल बे च्या धक्क्यावरून होडी. वीसेक मिनिटांत समोर येतं ते दृश्य मी वर्णन करून वाया घालवणार नाही. एवढंच सांगतो, की दोन हिरवी बेटं आहेत आणि त्यांना जोडणारा पांढऱ्या वाळूचा एक पट्टा. भरतीला तो पाण्याखाली जातो, ओहोटीला वर येतो. दोन्ही बाजूंना समुद्र आणि मधून आपण चालत एका बेटावरून दुसऱ्यावर. आमची ही त्या पट्ट्यावर मधोमध उभी राहिली आणि दहा मिनिटं बोललीच नाही. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, ही घटना दुर्मीळ.

होडीवाला बंगाली होता. तिकडे दिगलीपूर भागात फाळणीनंतर वसवलेली बंगाली कुटुंबं पुष्कळ. तो उतरतानाच म्हणाला, "बाबूजी, रेत पे मत बैठिएगा. और धूप उतरने से पहले निकल चलेंगे." मी हसलो. अरुणाचलमध्ये डिमडाम माशी पाहिलेला माणूस मी, जळवा बुटातून काढून टाकलेल्या, मला हा वाळूतल्या चिलटांची भीती घालतो! अर्धी चड्डी, उघडे हात. तिलाही म्हटलं, बस गं, काही होत नाही. तीन वाजून गेले होते, वारा पडला होता. आम्ही ओल्या वाळूत झाडाच्या सावलीला दीड तास बसलो.

काही जाणवलंच नाही. हाच तर या किड्याचा डाव आहे. आपण ज्याला तिकडे सँडफ्लाय म्हणतो, तो बहुतेक वेळा दोन-तीन मिलिमीटरचा चिलटासारखा कीटक असतो. बिहारमध्ये काळा आजार पसरवणारी सँडफ्लाय निराळी. मादीच चावते, तिला अंडी घालायला रक्त लागतं. ओली वाळू, चिखल, खारफुटी, तिथे तिच्या अळ्या वाढतात. पहाट आणि संध्याकाळ ही तिची वेळ. अंगात जोर कमी, त्यामुळे वारा असला की उडता येत नाही. वारा पडला की निघते. आणि खाज लगेच येत नाही, कारण खाज येते ती तिच्या लाळेला आपलं शरीर विरोध करतं म्हणून, आणि त्याला काही तास लागतात.

रात्री अकराला सुरुवात झाली. गुडघ्याखाली दोन्ही पाय लाल पुळ्यांनी भरले. मी मोजायला लागलो, एका पोटरीवर साठच्या पुढे गेल्यावर सोडून दिलं. माझं चार दिवसांत ओसरलं. तिला मधुमेह आहे. झोपेत तिने खाजवलं, एक पुळी फुटली, तिसऱ्या दिवशी नडगी सुजून तापली, अंगात कणकण. परत तो दिवसभराचा रस्ता, तिचा पाय समोरच्या सीटवर ठेवलेला, आणि जारवांच्या जंगलात मध्येच थांबायची परवानगी नाही. पोर्ट ब्लेअरमध्ये तीन दिवस दवाखान्यात शिरेतून औषध. डॉक्टर तरुण होते. म्हणाले, आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर प्रकरण अवघड होतं.

मंडळी, मी फौजेत तीस वर्षं संध्याकाळी एक हुकूम दिला आहे: बाह्या खाली! सूर्य मावळला की पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, मच्छरदाणी. न पाळणाऱ्या जवानाला मी शिक्षा केलेली आहे. कारण आम्हाला शिकवलं होतं ते बर्माच्या आघाडीचं उदाहरण. १९४३ मध्ये तिथे एक सैनिक जखमी होऊन इस्पितळात जाई, तेव्हा एकशेवीस आजाराने जात. चौदाव्या सैन्याचे सेनापती स्लिम यांनी मग अचानक तपासण्या लावल्या, सैनिक हिवतापाची गोळी घेतात की नाही. तुकडीत प्रमाण पंच्याण्णव टक्क्यांच्या खाली आलं की कमांडिंग ऑफिसरची उचलबांगडी. तिघांना घालवल्यावर बाकीचे सुधारले. हे मी वर्गात फळ्यावर लिहून शिकवलेलं. आणि सुट्टीवर गेल्यावर मी स्वतः अर्धी चड्डी घालून बायकोला म्हणतो, बस गं. स्लिमच्या हिशेबात चौथा मीच.

त्या दवाखान्याच्या बाकावर मी तिथला इतिहास वाचत बसलो होतो. इंग्रजांनी १७८९ मध्ये अंदमानात वसाहत केली आणि १७९२ मध्ये ती उत्तरेला, आम्ही गेलो त्याच भागात, पोर्ट कॉर्नवॉलिसला हलवली. बंदर उत्तम होतं. चार वर्षांत माणसं आजाराने इतकी मेली, की १७९६ मध्ये वसाहत सोडून द्यावी लागली. ते वाईट हवेला दोष देत होते. डास आणि हिवताप यांचा संबंध सिद्ध व्हायला १८९७ उजाडलं, सिकंदराबादला. शोधणारा फौजी डॉक्टर, आडनाव पुन्हा रॉसच, पण हा रोनाल्ड.

तर, जावं का? माझं मत, जरूर जावं. पण त्या बेटाला आपल्या सोयीचं करायला जाऊ नये. आमच्या गाडीत एक सद्गृहस्थ होते, ते म्हणाले, सरकार इथे धुरळणी का करत नाही? २०१८ मध्ये आपल्या भिलाईत डेंग्यूने काय केलं ते आपण पाहिलंय. वस्तीत धूर हवाच, कूलर आणि टाक्याही रिकाम्या करायलाच हव्यात. पण राखीव बेटावर धूर मारला तर त्या घटकेला उडणारी मरतील, चिखलातल्या अळ्या राहतील, उद्या नवी येतील. आणि त्याबरोबर दुसरं काय काय मरेल त्याचा हिशेब कोण ठेवणार? चिलटांच्याच जातीतले काही कीटक कोकोच्या फुलांचं परागीभवन करतात, म्हणजे आपण चॉकलेट खातो ते त्यांच्या मेहरबानीने. बेट त्यांचं आहे. आपण चार तासांचे पाहुणे.

तयारी अगदी साधी आहे. फिकट रंगाचे, सैल, पूर्ण कपडे, पायात मोजे. वाळूत बसायचं नाही, खुर्ची किंवा ओंडका बघा. सकाळी ऊन आणि वारा असताना जा, दुपार कलायच्या आत होडीत बसा. तिकडचे लोक खोबरेल तेल चोपडतात. त्यात चिलटं चिकटून राहतात, पण ते तासाभरात पुसलं जातं, पुन्हा लावावं लागतं. डीट असलेलं मलम जास्त टिकतं, मात्र ते लावून प्रवाळाच्या पाण्यात उतरू नका. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून हे कीटक आत येतात, तिच्यावर भिस्त नको. चावलंच तर खाजवू नका, थंड पाण्याची पट्टी ठेवा. मधुमेह असेल, आधी कधी अ‍ॅलर्जी उठली असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून औषध बरोबर घ्या आणि पायावर सूज, ताप दिसला की त्याच दिवशी दवाखाना गाठा. माझ्यासारखं "उद्या बघू" करू नका.

जानेवारी २०२३ मध्ये आम्ही पुन्हा गेलो. कल्पना तिची. मला धीर होत नव्हता, पण ती म्हणाली, तो पट्टा मला पूर्ण ओलांडायचाय, तेव्हा बोलण्यात वेळ गेला होता. (बोलण्यात तिचा वेळ गेला नव्हता, पण मी वाद घातला नाही.) या वेळी ओहोटी सकाळी होती. आम्ही रॉसहून स्मिथपर्यंत आणि परत असं चाललो. एक वाजता मी बूट काढून पाय पाण्यात सोडायला वाकलो, तोच मागून आवाज आला, "कर्नल, मोजे!"

तो होडीवाला भेटला नाही, दुसराच होता. कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. तिचं म्हणणं आहे की औषधांचे प्रश्न तिला विचारावेत.