पोटावरचा व्रण, पिशवीवरचा व्रण
(लालबाग-परळ भागातील वस्तीगटांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आजचा विषय तुम्हीच मागून घेतला आहे. गेल्या काही बैठकांत एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडून आलं : 'पहिलं सिझर, म्हणजे दुसरंही सिझरच.' कुणाला ते डॉक्टरांनी सांगितलं, कुणाला सासूबाईंनी, कुणाला शेजारणीने.

हे वाक्य न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन नावाच्या डॉक्टरचं आहे, १९१६ सालचं. त्या काळी गर्भपिशवी उभी कापत. तसा व्रण पुढच्या खेपेला कळांच्या जोराने उसवण्याची भीती मोठी असे. म्हणून त्याचं सांगणं होतं की पहिलं सिझर करतानाच दहा वेळा विचार करा. वाक्यातला हा अर्थ वाटेत गळून पडला आणि उरला तो नुसता नियम. पुढे पिशवीच्या खालच्या, पातळ भागात आडवा काप घेण्याची पद्धत रूढ झाली. आज बहुतेक सिझर अशीच होतात. हा व्रण जास्त टिकतो.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. पोटावरचा व्रण आडवा आहे म्हणून आतला आडवाच असेल, असं नाही. कातडीवरचा काप वेगळा, पिशवीवरचा वेगळा. आतलं काय ते फक्त ऑपरेशनच्या कागदावर लिहिलेलं असतं.

आता आकडे. आधीचं एकच सिझर, काप खालचा आणि आडवा असेल, तर कळा येऊ देऊन बाळंतपण करण्याचा प्रयत्न दर शंभरातल्या ७२ ते ७५ बायकांचा यशस्वी होतो, असं ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१५ साली आपल्या मार्गदर्शनात नोंदवलं आहे. जिचं आधी एखादं बाळंतपण नॉर्मल झालं आहे, तिची शक्यता याहून जास्त. बाकीच्यांना कळा सोसून शेवटी सिझर करावंच लागतं, आणि ते ठरवून केलेल्या सिझरपेक्षा अवघड असतं. पिशवी फाटण्याचा धोका साधारण दोनशेत एक. लहान वाटतो, पण जिच्यावर येतो तिच्या आणि बाळाच्या जिवावर बेततो. औषधं देऊन कळा आणल्या तर तो वाढतो. दीड वर्षाच्या आत दुसरं बाळंतपण आलं तरी वाढतो. पिशवीवर उभा काप असेल किंवा पिशवी आधी फाटलेली असेल, तर कळांची वाट बघायचीच नाही.

मग सरळ सिझरच का करू नये? करावं, जिला हवं तिने जरूर करावं. पहिल्या वेळी दोन दिवस कळा खाऊन मग ऑपरेशन झालेली बाई पुन्हा ते नको म्हणाली, तर तिला भित्री म्हणणाऱ्या आपण कोण? पण दर सिझरनंतर पुढचं गर्भारपण जास्त जोखमीचं होतं, हे तिला आधी कळायला हवं. वार खाली, जुन्या व्रणावर चिकटून आत रुतू शकते. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, वार खाली सरकलेल्या बायकांमध्ये ती रुतण्याचं प्रमाण दुसऱ्या सिझरला ११ टक्के होतं आणि तिसऱ्याला ४० टक्के. अशा वेळी रक्तस्राव थांबवायला कित्येकदा पिशवीच काढावी लागते. दोन मुलींवर 'आणखी एक बघू' म्हणणाऱ्या घरातल्यांना हा आकडा कुणी सांगत नाही. मुहूर्त काढून सिझरची वेळ ठरवणाऱ्यांनाही नाही.

आपल्या भागातली अडचण वेगळीच आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे रत्नागिरीला, सिंधुदुर्गात किंवा साताऱ्याकडे. दुसरं इथे. पहिल्याचे कागद माहेरच्या ट्रंकेत राहतात, किंवा डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'सिझर' एवढंच लिहिलेलं असतं. इथल्या डॉक्टरला आत काय आहे ते कळत नाही आणि तो सावधपणे सिझर सांगतो. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. चूक आहे ती कागद न देणाऱ्या पद्धतीची. कागद मागणं हा आपला हक्क आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ साली रघुनाथ रहेजा प्रकरणात तो मान्य केला. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. अर्ज साध्या कागदावर करा, पोच घ्या, आणि त्यात 'ऑपरेशनची टिपणं' हे शब्द घालायला विसरू नका. सिझर का केलं, पिशवीवर काप कुठे घेतला, तो वाढवावा लागला का, हे त्यातच असतं.

दुसरा प्रश्न, नाव कुठे घालायचं? गिरगावात, दादरला जिन्यावरची छोटी नर्सिंग होम आहेत. अनेकींची तिथल्या डॉक्टरीणबाईंवर श्रद्धा आहे, आणि ती उगाच नाही. पण विचारा : रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ किती वेळात येतो? रक्त कुठून आणता? कळा सुरू असताना बाळाचे ठोके सतत कोण बघणार? पिशवी फाटू लागल्याची पहिली खूण पुष्कळदा बाळाच्या ठोक्यांतच दिसते. उत्तर 'आमच्याकडे हे जमणार नाही' असं आलं, तर ते प्रामाणिक उत्तर आहे. तसं असेल तर सातव्या महिन्यातच केईएमसारख्या मोठ्या रुग्णालयात जाऊन बोला. वाडिया प्रसूतिगृह तर १९२६ साली गिरणी कामगारांच्या बायकांसाठीच उभं राहिलं. सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे बाळंतपण आणि सिझर, दोन्ही मोफत आहेत.

खासगीत मात्र खर्चाचा आणि वेळेचा हिशेब मधे येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, सरकारीत १४.३ टक्के. बायकांची शरीरं दवाखान्यागणिक बदलत नाहीत. सरकारीतला कमी आकडाही सगळाच भूषणाचा नाही म्हणा. काही ठिकाणी गरज असून ऑपरेशनची सोयच नसते.

संमतीच्या कागदावर सही नवऱ्याची घेतात, तीही कळा चालू असताना. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितलं आहे की संमती त्या बाईची स्वतःची हवी, आणि धोके व दुसरे पर्याय समजावून मग घेतलेली हवी. म्हणून हे बोलणं आधीच्या तपासण्यांतच करायचं. सोबत बहीण किंवा आपल्या गटातली कुणी न्या. एकटीला तीन मिनिटांत बाहेर काढतात, दोघी असल्या तर खुर्ची मिळते.

ज्यांना दिवस गेले आहेत त्यांनी घरी लक्ष ठेवायचं ते असं : दोन कळांच्या मधेही न थांबणारं दुखणं, जुन्या टाक्यांपाशी कळ, अंगावरून रक्त जाणं, बाळाची हालचाल मंदावणं. यातलं एकही दिसलं तर लगेच निघायचं. टॅक्सीचे पैसे आणि कागदांची पिशवी दाराशी ठेवा.

पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे आधीच्या बाळंतपणाची कार्डं असतील त्यांनी ती आणावीत. ज्यांची माहेरी आहेत त्यांच्यासाठी अर्जाचा नमुना मी लिहून आणते. गणपतीला गावी जाणाऱ्यांनी तो सोबत न्यावा.